ब्लूजमध्ये वीज आली तेव्हा

इतिहासाच्या पुस्तकात ज्यांची नावे येतात, त्यांनी बहुधा काहीतरी लिहून ठेवलेले असते किंवा त्यांच्याविषयी कुणीतरी लिहिलेले असते. शिलालेख, फर्मान, बखर, दप्तर ही आपली नेहमीची साधने. पण ज्यांना लिहायला शिकवले गेले नाही आणि ज्यांच्याविषयी लिहावे असे कुणाला वाटले नाही, त्यांचा इतिहास कुठे शोधायचा? अमेरिकेतील कृष्णवर्णीय मजुरांच्या बाबतीत या प्रश्नाचे एक उत्तर तबकड्यांमध्ये सापडते. दहा इंच व्यासाची, मिनिटाला ७८ फेरे घेणारी, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचा आवाज साठवणारी तबकडी हे त्यांचे दप्तर होते. या दप्तरातल्या एका प्रकरणाविषयी इथे लिहायचे आहे. ते प्रकरण म्हणजे ब्लूज गाणाऱ्यांच्या हातात विजेवरची गिटार आली तो काळ, साधारण १९३८ ते १९५१.

ब्लूज म्हणजे काय, हे आधी थोडक्यात सांगितले पाहिजे. अमेरिकेत गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली. दक्षिणेकडच्या कापसाच्या मळ्यांत मात्र वाट्याने शेती करणारा काळा माणूस मालकाच्या वहीतल्या कर्जातून सुटला नाही. त्याच्या एकट्याच्या दुःखाचे, प्रेमाचे, भटकंतीचे आणि थट्टेचे गाणे म्हणजे ब्लूज. त्याची बांधणी साधी असते. पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिचे उत्तर द्यायचे. मुशायऱ्यात शायर पहिला मिसरा दोनदा म्हणतो आणि ऐकणारा दुसऱ्या मिसऱ्याची वाट पाहत राहतो, तसेच हे आहे. दोन ओळींमधल्या रिकाम्या जागेत गिटार बोलते. म्हणजे गिटार इथे नुसती साथ करत नाही, ती गाणाऱ्याशी सवालजवाब करते.

गिटारचा आवाज कमी पडतो

अडचण अशी होती की गिटारचा आवाज मुळात लहान. झोपडीच्या ओसरीवर तो पुरतो. नाचगाण्याच्या गर्दीत, ट्रम्पेट आणि ड्रमच्या सोबत तो बुडून जातो. यावर उपाय म्हणून जॉर्ज बोशाँ आणि अडॉल्फ रिकनबॅकर यांनी १९३१-३२ मध्ये विजेवर चालणारी गिटार तयार केली. ती मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन पद्धतीची गिटार होती आणि तिचा आकार तव्यासारखा असल्यामुळे लोक तिला 'फ्राइंग पॅन'च म्हणत. तिच्यामागचे शास्त्र आपल्या शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकातलेच आहे. चुंबकाभोवती बारीक तारेची वेटोळी बसवायची. पोलादी तार त्या चुंबकाजवळ थरथरली की वेटोळ्यात विजेचा लहानसा प्रवाह निर्माण होतो. ॲम्प्लिफायर तो प्रवाह वाढवतो आणि लाऊडस्पीकर त्याचा पुन्हा आवाज करतो. १९३६ मध्ये गिब्सन कंपनीने नेहमीच्या गिटारसारखी धरून वाजवायची 'ईएस-१५०' बाजारात आणली. ॲम्प्लिफायरसह तिची किंमत सुमारे दीडशे डॉलर होती. मजुराला ही रक्कम लहान नव्हती.

पहिला कोण?

आम्हा शिक्षकांना 'सर्वप्रथम कोणी' हा प्रश्न फार आवडतो. एका गुणाचा असतो आणि तपासायला सोपा जातो. ब्लूजच्या बाबतीत त्याचे उत्तर बहुतेक वेळा असे दिले जाते : १ मार्च १९३८, शिकागो. त्या दिवशी बिग बिल ब्रून्झी या मोठ्या ब्लूज गायकाची 'स्वीटहार्ट लँड' आणि 'इट्स अ लो डाउन डर्टी शेम' ही गाणी मुद्रित झाली आणि त्यांत विजेवरची गिटार वाजली. ती वाजवणारा जॉर्ज बार्न्स हा सोळा वर्षांचा गोरा मुलगा होता. त्याच मार्च महिन्यात न्यूयॉर्कमध्ये 'कॅन्सस सिटी फाइव्ह' या जाझ चमूसोबत एडी डरहॅम या कृष्णवर्णीय वादकाने विजेवरची गिटार मुद्रित केली. आणि त्याच्याही आधी, जानेवारी १९३५ मध्ये, टेक्सासच्या बॉब डन या गोऱ्या वादकाने वीज जोडलेली स्टील गिटार तबकडीवर वाजवली होती.

म्हणजे 'पहिला कोण' हे ठरवताना आधी 'कशातला पहिला' हे विचारावे लागते. काळ्या लोकांच्या या संगीतातला पहिला विजेचा सूर एका गोऱ्या पोराने लावला, ही गोष्ट काहींना खटकते. मला ती खटकत नाही. नवे यंत्र प्रथम कुणाच्या हातात पडते, हा बहुधा पैशाचा आणि योगायोगाचा भाग असतो. त्या यंत्राला बोलायला कुणी शिकवले, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे.

त्याचे उत्तर टेक्सासच्या टी-बोन वॉकरकडे जाते. त्याचा जन्म १९१० चा. लहानपणी डॅलसच्या रस्त्यांवर तो ब्लाइंड लेमन जेफरसन या आंधळ्या ब्लूज गायकाचा हात धरून त्याला फिरवत असे. १९२९ मध्ये त्याची पहिली तबकडी निघाली, ती साध्या गिटारची. जुलै १९४२ मध्ये कॅपिटल कंपनीसाठी त्याने 'मीन ओल्ड वर्ल्ड' मुद्रित केले. त्यात विजेची गिटार एकेक सूर वेगळा काढून, लांबवून, श्वास घेत बोलते. १९४७ च्या 'कॉल इट स्टॉर्मी मंडे' या गाण्यात मजुराचा आठवडा आहे. सोमवारपासूनचे वाईट दिवस, मग पगार, शनिवारची मौज आणि रविवारची प्रार्थना. हे गाणे पुढे शेकडो जणांनी गायले. बी. बी. किंगने अनेकदा सांगितले आहे की वॉकरचा आवाज ऐकल्यावर आपल्याकडेही विजेची गिटार हवी असे त्याला वाटले.

लाख, युद्ध आणि बंदी

'मीन ओल्ड वर्ल्ड' मुद्रित झाले आणि थोड्याच दिवसांत, १ ऑगस्ट १९४२ पासून, अमेरिकेतील वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. रेडिओ आणि ज्यूकबॉक्समुळे तबकड्या फुकट वाजतात आणि प्रत्यक्ष वाजवणाऱ्यांचे पोट मारले जाते, अशी त्यांची तक्रार होती. हा संप मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत १९४४ पर्यंत लांबला.

त्याच वेळी तबकडीचा कच्चा मालही आटला. या तबकड्या लाखेपासून बनत. पळस, बोर, कुसुम या झाडांवरच्या किड्यांची ही लाख मोठ्या प्रमाणात आपल्या छोटा नागपूरच्या जंगलांतून कलकत्त्यामार्गे अमेरिकेला जात असे. जपान युद्धात उतरल्यावर ही वाट धोक्यात आली आणि लाखेची गरज दारूगोळ्याच्या कामासाठीही होती. १९४२ मध्ये अमेरिकन सरकारने तबकड्यांसाठीच्या लाखेवर कडक मर्यादा घातली. जुन्या तबकड्या परत देऊन नव्या घ्या, असे ग्राहकांना सांगण्यात येऊ लागले. छोटा नागपूरच्या आदिवासींनी गोळा केलेल्या लाखेवर मिसिसिपीच्या मजुरांचा आवाज कोरला जात होता, आणि या दोघांना एकमेकांची गंधवार्ता नव्हती.

परिणाम असा झाला की वीज आणि ब्लूज यांची खरी जवळीक झाली ती वर्षे तबकड्यांत फारशी सापडत नाहीत. १९४२ ते १९४४ या काळात शिकागोच्या बारमध्ये काय वाजत होते, यासाठी आपल्याला कागदाकडे वळावे लागते.

बर्फाच्या पेटीवरची मिनी

असा एक कागद आहे. लँग्स्टन ह्यूज हे नाव मराठी वाचकाला नवे नाही. १९७२ मध्ये दलित पँथरची स्थापना झाली आणि त्या काळात अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या साहित्याची चर्चा मराठीत जोरात सुरू झाली, तेव्हापासून हा कवी आपल्याला ओळखीचा आहे. 'शिकागो डिफेंडर' या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रात तो सदर लिहीत असे. ९ जानेवारी १९४३ च्या सदरात त्याने १९४२ च्या शेवटच्या रात्रीचे वर्णन केले आहे. शिकागोच्या '२३० क्लब'मध्ये बर्फाच्या पेटीवर बसून मेम्फिस मिनी विजेची गिटार वाजवते आहे. चष्मा लावलेली, नीटनेटकी, एखाद्या मास्तरीणबाईसारखी दिसणारी ही बाई. आणि तिच्या गिटारचा आवाज मात्र वेल्डिंगच्या यंत्रासारखा, पोलादाच्या गिरणीसारखा. ऐकणाऱ्यांना त्यात आपापले गाव ऐकू येत होते. क्लब चालवणारे मात्र डोलत नव्हते, ते गल्ल्यावर पैसे मोजत होते. पानभर मजकुरात ह्यूजने त्या काळातले सगळे अर्थशास्त्र सांगून टाकले आहे.

मिनीचे खरे नाव लिझी डग्लस. ती १९२९ पासून तबकड्या करत होती. १९४१ चे 'मी अँड माय शोफर ब्लूज' हे तिचे विजेच्या गिटारवरचे गाणे फार गाजले. तिच्याच बरोबरीने सिस्टर रोझेटा थार्पचे नाव घ्यायला हवे. थार्प चर्चमध्ये वाढली आणि देवाची गाणी गात राहिली, पण हातात गिटार होती ती बारमध्ये शोभेल अशी. १९३८ मध्ये ती न्यूयॉर्कच्या कॉटन क्लबमध्ये गायली तेव्हा चर्चमधल्या अनेकांना ते रुचले नाही. संगीत आणि धर्म यांचे हे भांडण आपल्यालाही परके नाही. समाच्या वादावर आपल्याकडे किती शाई खर्च झाली आहे! १९४४ मध्ये मुद्रित झालेले तिचे 'स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे' हे गाणे पुढच्या वर्षी कृष्णवर्णीयांच्या बाजारातल्या सर्वाधिक खपाच्या यादीत आले. चर्चचे गाणे तिथे पोहोचणे ही त्या वेळी अपूर्व गोष्ट होती. या दोघी १९७३ मध्ये वारल्या आणि दोघींच्याही कबरींवर कित्येक वर्षे दगड नव्हता. मिनीच्या कबरीवर तो १९९६ मध्ये बसला, गायिका बॉनी रेटने त्यासाठी पैसे दिले म्हणून.

एक गाणे, दोन मुद्रणे

आता या सगळ्या प्रकरणातला सर्वांत बोलका पुरावा. ऑगस्ट १९४१ मध्ये ॲलन लोमॅक्स आणि फिस्क विद्यापीठाचे कृष्णवर्णीय प्राध्यापक जॉन वर्क हे दोघे मिसिसिपीतल्या स्टोव्हॉल मळ्यावर पोहोचले. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी ते लोकगीते गोळा करत होते. तिथे त्यांना मॅकिन्ली मॉर्गनफील्ड नावाचा ट्रॅक्टर चालवणारा जवान मिळाला. लोक त्याला मडी वॉटर्स म्हणत. त्याने साध्या गिटारवर 'आय बीज ट्रबल्ड' नावाचे गाणे गायले. पुढे लोमॅक्सने त्याला तबकडीच्या दोन प्रती आणि वीस डॉलर पाठवले. मडीने त्यातली एक प्रत गावातल्या ज्यूकबॉक्समध्ये लावली आणि स्वतःचा आवाज पुन्हा पुन्हा ऐकला. आपण गाऊ शकतो याची खात्री आपल्याला तेव्हा पटली, असे तो नंतर सांगत असे.

मळ्यावर त्याला तासाला साडेबावीस सेंट मिळत. त्याने पंचवीस मागितले. मुकादम भडकला. मे १९४३ मध्ये मडीने शिकागोची गाडी पकडली. दक्षिणेतून अशी लाखो माणसे उत्तरेकडे जात होती. १९४० मध्ये शिकागोत सुमारे २,७८,००० कृष्णवर्णीय होते, १९५० मध्ये ते सुमारे ४,९२,००० झाले. मडीला कागदाच्या कारखान्यात काम मिळाले. रात्री तो बारमध्ये वाजवू लागला, पण गिऱ्हाइकांच्या कलकलाटात त्याची गिटार कुणाला ऐकू येईना. मग एका मामाने त्याला विजेची गिटार दिली.

एप्रिल १९४८ मध्ये ॲरिस्टोक्रॅट या लहानशा कंपनीने त्याची दोन गाणी मुद्रित केली. कंपनीचा एक मालक लेनर्ड चेस हा पोलंडमधून आलेल्या ज्यू कुटुंबातला होता. मडी काय गातो हे त्याला कळेना. भागीदार एव्हलिन ॲरनने आग्रह धरला म्हणून तबकडी निघाली. पहिल्या खेपेच्या प्रती शनिवार-रविवारात संपल्या. स्वतः मडीला दुकानात आपलीच तबकडी चढ्या भावाने घ्यावी लागली. त्यातले एक गाणे होते 'आय कान्ट बी सॅटिस्फाइड'. हे गाणे म्हणजे सात वर्षांपूर्वीचे 'आय बीज ट्रबल्ड'च आहे. गाणारा तोच, चाल तीच, बोटांत अडकवलेल्या नळीने तारेवर घसरत जाणारा सूरही तोच.

ही दोन मुद्रणे एकामागून एक ऐकावीत. १९४१ चा मडी ओसरीवर बसल्यासारखा गातो. घाई नाही, समोर दोन-चार माणसे असावीत. १९४८ मध्ये गिटारला धार आली आहे, ती गळ्याच्या पुढे जाते आणि गाणाऱ्याला गर्दीतून वाट काढायची आहे हे कळते. पहिले मुद्रण सरकारी संग्रहासाठी होते, लोप पावणारी कला जतन करावी म्हणून. दुसरे विकत घेतले ते गावाकडून नुकत्याच आलेल्या मजुरांनी, आपल्या पगारातून. दोन्ही खरी आहेत. पण त्या लोकांना स्वतःचे कोणते रूप आपले वाटले, हे दुसऱ्या तबकडीच्या खपावरून दिसते.

बाकीचे साथीदार

पुढची तीन वर्षे फार वेगाची होती. सप्टेंबर १९४८ मध्ये डेट्रॉइटला जॉन ली हुकरने 'बूगी चिलन' मुद्रित केले. तो मोटारीच्या कारखान्यात झाडलोट करत असे. त्या मुद्रणात दुसरा वादक नाही. एक विजेची गिटार, एक गळा आणि ठेका धरणारा पाय. १९४९ च्या सुरुवातीला ते कृष्णवर्णीयांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. कंपन्या पैसे फार थोडे देत, म्हणून हुकर वेगवेगळ्या नावांनी वेगवेगळ्या कंपन्यांकडे गात सुटला. टेक्सास स्लिम, बर्मिंगहॅम सॅम, डेल्टा जॉन ही सगळी तोच.

१९५१ हे वर्ष तर या इतिहासात ठळक आहे. ऑगस्टमध्ये मिसिसिपीतल्या जॅक्सन गावी एल्मोर जेम्सने 'डस्ट माय ब्रूम' मुद्रित केले. तो रेडिओ दुरुस्तीचे काम जाणत होता, आणि त्याच्या गिटारचा तो फाटका, किंचाळणारा सूर ऐकताना हे लक्षात येते. मार्चमध्ये आइक टर्नरचा चमू मेम्फिसला 'रॉकेट ८८' मुद्रित करायला निघाला असता गिटारवादक विली किझार्टचा ॲम्प्लिफायर वाटेत बिघडला. स्पीकरमध्ये कागद कोंबून वेळ भागवली गेली. जो घरघराट आला तो सॅम फिलिप्सने तसाच ठेवला, आणि आज लोक तो मुद्दाम निर्माण करण्यासाठी पैसे मोजतात. त्याच वर्षी मेम्फिसच्या वायएमसीएमध्ये बी. बी. किंगने 'थ्री ओ'क्लॉक ब्लूज' मुद्रित केले. त्याचा नातलग बुका व्हाइट नळी घसरवून जो थरथरता सूर काढी, तो बी. बी.ला जमत नव्हता. म्हणून त्याने बोटच तारेवर हलवून तो कंप आणला. पुढच्या कित्येक पिढ्यांनी त्याचा हा कंप उचलला.

मुळांचा प्रश्न

या अंकाच्या वाचकांना एक गोष्ट ऐकायला आवडेल, ती सांगतो आणि तिच्याबाबत सावधही करतो. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्यांमध्ये सेनेगल, गांबिया, माली या भागांतले मुसलमान बरेच होते. ब्लूजमधला एका स्वरावर लांबत, वळत जाणारा गळा आणि तंतुवाद्यांची ओढ यांत या प्रदेशाच्या, आणि अजान व तिलावतीच्या, परंपरेचा अंश असावा असे सिल्व्हियान डियूफ यांनी मांडले आहे. गेरहार्ड कुबिक यांनीही पश्चिम आफ्रिकेतल्या इस्लामच्या छायेतल्या प्रदेशाकडे बोट दाखवले आहे. मालीचा गिटारवादक अली फार्का तूरे (निधन २००६) तर म्हणे की तुम्ही ज्याला ब्लूज म्हणता ते आमच्याकडचेच आहे. हे सगळे विचारात घेण्याजोगे आहे. पण हा साधर्म्यावरून काढलेला तर्क आहे, त्याला दप्तराचा आधार नाही. मूळ आपले ठरले म्हणून झाड आपले होत नाही. ज्यांनी दीडशे डॉलरची गिटार हप्त्याने घेतली आणि बारच्या धुरात वाजवली, श्रेय त्यांचेच.

आम्हाला जुनेच ऐकवा

ब्रून्झीचे नाव आपण पहिल्या मुद्रणाच्या वेळी घेतले. हाच ब्रून्झी १९५१ नंतर युरोपात गायला गेला, आणि तिथल्या रसिकांसमोर साध्या गिटारवर खेड्यातला जुना गायक म्हणून उभा राहिला. त्यांना तेच हवे होते. विजेच्या गिटारची ब्लूजमधली पहिली तबकडी याच माणसाच्या नावावर आहे, हे त्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल? ऑगस्ट १९५८ मध्ये ब्रून्झी वारला. ऑक्टोबरमध्ये मडी वॉटर्स विजेची गिटार घेऊन इंग्लंडला पोहोचला आणि तिथल्या काही समीक्षकांचे कान दुखले. हा कसला लोकसंगीताचा गायक, असा त्यांचा सूर होता. १९६३ मध्ये तो पुन्हा गेला, या वेळी समजूतदारपणे साधी गिटार घेऊन. तोपर्यंत तरुण श्रोत्यांची आवड बदलली होती, त्यांना विजेची गिटार हवी होती! १९६२ मध्ये लंडनच्या काही पोरांनी मडीच्या १९५० च्या 'रोलिन' स्टोन' या तबकडीवरून आपल्या चमूचे नावही ठेवून टाकले होते. त्या पोरांचे पुढे काय झाले हे सर्वांना माहीत आहे. मडीला आणि त्याचा गीतकार विली डिक्सन याला आपल्या गाण्यांच्या पैशासाठी १९७० च्या दशकात प्रकाशन कंपनीवर दावा लावावा लागला, तो न्यायालयाबाहेर मिटला.

गरिबाची कला जुनी, साधी आणि शांत असावी, असे तिच्या बाहेरच्या चाहत्याला वाटते. आपल्याकडे गावोगावच्या शाहिराला, कव्वालाला, वाघ्या-मुरळीला माइक आणि कीबोर्ड घेतल्याबद्दल जे ऐकावे लागते, ते याच जातीचे आहे. मडीने वीज हौसेने घेतली नाही. शिकागोच्या गोंगाटात त्याचे बोलणे कुणाला ऐकू जात नव्हते म्हणून घेतली. उर्दूत आणि मराठीत 'आवाज' हा शब्द एकच आहे आणि दोन्हीकडे त्याचा अर्थ नुसत्या ध्वनीपेक्षा मोठा आहे. 'आवाज उठवणे' हे आपण म्हणतो ते उगीच नव्हे. लाखेच्या त्या तबकड्या आज वाजवायला कठीण, पडल्या तर फुटणाऱ्या. पण त्यांतले मुद्रण पुन्हा पुन्हा नव्या साधनांवर उतरवले गेले आहे, आणि १९४१ चा व १९४८ चा मडी वॉटर्स आता कुणालाही घरबसल्या ऐकता येतो. वर्गात इतिहासाची साधने शिकवताना नाणी आणि ताम्रपटांच्या पुढे ही दोन गाणीही लावायला हरकत नाही.